स्पीकरमधली घूं: एक बोर्ड, आयसोलेटर की ऑप्टिकल?

टीव्ही-सेटटॉप बॉक्स ॲम्प्लिफायरला जोडला की अनेक घरांत घूं सुरू होते. त्यावर काय विकत घ्यायचं, हे ती येते कुठून त्यावर ठरतं.

आधी ॲम्प्लिफायर बंद करून त्याच्या सगळ्या इनपुट केबल काढा आणि पुन्हा चालू करा. घूं तशीच राहिली तर दोष बहुधा त्याच्या पॉवर सप्लायमध्ये आहे. फिल्टर कपॅसिटर थकले की 100 हर्ट्झची घूं येते. ते काम मेकॅनिकचं, तिथे आयसोलेटर (दोन उपकरणांमधली विजेची जोड तोडणारा छोटा डबा) घेऊन पैसे वाया जातील. घूं गेली तर केबल एकेक करून परत लावा. डिशची किंवा केबलवाल्याची वायर बॉक्समधून काढताच शांतता झाली, तर ग्राउंड लूप सापडला. त्या वायरचं अर्थिंग वेगळं आणि ॲम्प्लिफायरच्या थ्री-पिनचं वेगळं, त्यामुळे आरसीए केबलच्या (लाल-पांढऱ्या पिनांची ऑडिओ केबल) जाळीतून, म्हणजे आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या आवरणातून, 50 हर्ट्झचा करंट वाहतो. सिग्नलची परतीची वाटही तीच जाळी. 1 मिलिअँपियर करंट आणि 0.1 ओहम जाळी धरा: 100 मायक्रोव्होल्ट सिग्नलमध्ये मिसळतात. 0.3 व्होल्टच्या सिग्नलपुढे हे 70 डेसिबल खाली आहे, तरी रात्रीच्या शांत खोलीत ऐकू येतं.

सगळं एकाच बोर्डावर: फुकटचा उपाय, म्हणून पहिला. दोन भिंतींवरच्या दोन सॉकेटमधून होणारा लूप यात लहान होतो. कोॲक्स (डिशच्या किंवा केबलवाल्याच्या) वायरमधून येणारा मात्र तसाच राहतो. बोर्ड लावण्याआधी मल्टिमीटरने सॉकेट तपासा: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे 230 च्या आसपास, न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच. फेज-अर्थ बरंच कमी दिसलं तर अर्थिंगच तुटलंय, आधी ते दुरुस्त करून घ्या.

आरसीए आयसोलेटर: आत 1:1 ट्रान्सफॉर्मर असतो, तो जाळीची सलग जोड तोडतो. घूं हमखास जाते, पण स्वस्त आयसोलेटर लहान कोअरमुळे खालचा बेस खातो. तबल्याचा डग्गा पोकळ वाटू लागतो. आयसोलेटर ॲम्प्लिफायरच्या टोकाला लावा, पुढची केबल हातभरच ठेवा, आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून दूर ठेवा, नाहीतर त्याचं चुंबकीय क्षेत्र नवीच घूं घालेल.

ऑप्टिकल: टीव्हीसाठी आमची पसंती हीच. प्रकाशातून सिग्नल जातो, विजेची जोडच नाही, म्हणून त्या वाटेने लूप होत नाही आणि बेसही शाबूत राहतो. ॲम्प्लिफायरला ऑप्टिकल इनपुट नसेल तर मध्ये डॅक (डिजिटल सिग्नल ॲनालॉग करणारा डबा) घ्यावा लागेल. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ आउटपुट पीसीएमवर (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) ठेवा. डॉल्बीवर ठेवल्यास साधा डॅक गप्प राहील.

कोॲक्स आयसोलेटर: केबल टीव्हीला उत्तम. डिशला लावू नका: एलएनबीला (डिशवर बसवलेला सिग्नल पकडणारा भाग) लागणारे 13/18 व्होल्ट डीसी त्याच वायरमधून जातात, ते अडले की सिग्नल गेला.

थ्री-पिनची अर्थ पिन काढूनही घूं थांबते, पण हा पर्याय तुलनेत धरूच नका. फेज चुकून बॉडीला लागला तर एमसीबी पडणार नाही, आणि आरसीएच्या जाळीतून तो जोडलेल्या प्रत्येक उपकरणाच्या बॉडीवर पोचेल.

टर्नटेबलला (रेकॉर्ड प्लेअरला) यातलं बहुतेक लागू नाही. तिथे सिग्नल जेमतेम 5 मिलिव्होल्ट असतो, म्हणून आधी त्याची सुटी ग्राउंड वायर ॲम्प्लिफायरच्या फोनो (टर्नटेबलच्या) इनपुटशेजारच्या जीएनडी (ग्राउंड) स्क्रूला घट्ट आवळा.