मेनलाइन यू-बूट, एच६१६ च्या बोर्डवर: घ्या, पण रॅमसाठी वेळ ठेवा

स्वस्तातल्या छोट्या बोर्डांसोबत जी इमेज येते ना, त्यातलं यू-बूट (बोर्ड चालू झाल्यावर लिनक्स कर्नल लोड करणारा बूटलोडर) बहुतेक वेळा कुठल्यातरी जुन्या व्हर्जनवरून वेगळं काढलेलं असतं आणि मग त्याला कोणी हात लावलेला नसतो, कर्नल अपडेट केला की डिव्हाइस ट्री (बोर्डवर कोणतं हार्डवेअर कुठे आहे ते सांगणारी फाइल) जुळत नाही, बूट स्क्रिप्ट अडते, बसा शोधत. त्यापेक्षा मेनलाइन, म्हणजे मूळ प्रोजेक्टचं, यू-बूट टाका. ऑलविनर एच६१६ चिपच्या बोर्डवर वापरतोय, ५ पैकी ४ स्टार.

बोर्ड ॲड करणं ऐकायला मोठं वाटतं, पण चिपचा सपोर्ट आधीच आत असेल तर सी कोड जवळपास लिहावाच लागत नाही. एक डेफकॉन्फिग (बोर्डच्या बिल्ड सेटिंगची फाइल), एक डिव्हाइस ट्री, मेंटेनर्स फाइलमध्ये (कोण काय सांभाळतं त्याची यादी) आपलं नाव. आधी ट्रस्टेड फर्मवेअर-ए या वेगळ्या प्रोजेक्टमधून बीएल३१ (यू-बूटसोबत लागणारं फर्मवेअर) बिल्ड करायचं, त्याचा पाथ यू-बूटच्या बिल्डला द्यायचा, शेवटी एकच फाइल मिळते ती एसडी कार्डवर सुरुवातीचे ८ केबी सोडून डीडी कमांडने लिहायची. कार्डवर जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवायची एक पद्धत) असेल तर थांबा, त्याचं टेबल नेमकं तिथेच असतं, मग १२८ केबीवर लिहा, बूटरॉम (चिपमधला सगळ्यात आधी चालणारा कायमचा कोड) तिथेही बघतो.

एफईएल मोडवर (कार्डशिवाय यूएसबीवरून बूट करायची चिपमधलीच सोय) तर मी फिदा आहे. कार्ड काढायचं, यूएसबी ओटीजी पोर्टला केबल लावायची आणि पीसीवरून यू-बूट थेट बोर्डच्या मेमरीत ढकलायचं. बिल्ड गंडला तर रीसेट, पुन्हा पाठवा. बोर्ड कायमचा मेला असं होतच नाही, कारण बूटरॉम चिपमध्येच आहे.

एक स्टार कापला तो रॅममुळे. ओडीटी, ड्राइव्ह स्ट्रेंथ, टीपीआर१० वगैरे रॅमच्या सिग्नलच्या सेटिंगच्या व्हॅल्यूज बोर्डागणिक वेगळ्या आणि केकॉन्फिगमधली (यू-बूटचा सेटिंग मेनू) हेल्प म्हणजे, व्हेंडरच्या सेटिंगमधून घ्या. बरं. म्हणजे बूट० (व्हेंडरच्या इमेजमधला रॅम सुरू करणारा पहिला लोडर) ची बायनरी उघडून आकडे उचलायचे. ते जरा चुकले तर बोर्ड सरळ बंद पडला असता तरी परवडलं असतं, पण सिरियल केबलवरच्या बूट मेसेजमध्ये "डीरॅम: १०२४ एमआयबी" झकास दिसतं, "ट्राइंग टू बूट फ्रॉम एमएमसी१" येतं, लिनक्सही वर येतं आणि मोठं काही कंपाइल करायला घेतलं की भलत्याच प्रोग्रॅममध्ये क्रॅश, मग माणूस कर्नलला शिव्या घालत बसतो. म्हणून मेमटेस्टर (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवा, बोर्ड तापलेला असताना पण. तरी एरर आले तर रॅमचं क्लॉक एक पायरी खाली आणा, वेगातला फरक सहसा कळतही नाही.

मेंटेनन्स नियमित आहे, जड नाही. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशी रिलीज ठरलेली, प्रत्येक आरसी (रिलीजआधीची चाचणी आवृत्ती) आली की बिल्ड करून एकदा बूट करायचं. २०२४ पासून कर्नलच्या डिव्हाइस ट्री थेट आत घ्यायची सोय आहे, ती वापरत असाल तर दुरुस्ती आधी कर्नलमध्ये पाठवायची, दोन कॉप्या सांभाळायची कटकट गेली (पॅच मर्ज व्हायची वाट बघावी लागते तो भाग वेगळा). मात्र ड्रायव्हर मॉडेलसारखे (ड्रायव्हर लिहायची यू-बूटमधली नवी चौकट) मोठे बदल आले आणि बोर्डकडे कोणी बघितलंच नाही तर बोर्ड काढून टाकतात, आणि मला ते पटतं, न चालणारा कोड ठेवून कोणाचं भलं होणार?

घेणार असाल तर बूट मेसेज बघायला यूएसबी-टू-सिरियल ॲडॅप्टर ३.३ व्होल्टचंच घ्या, बोर्डच्या सिरियल पिनांना ५ व्होल्ट झेपत नाही. बॉड रेट (सिरियलचा वेग) ११५२००.