जुन्या क्रोनोग्राफचे काटे: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

काळ्याची तपकिरी झालेली तबकडी आणि आत वालझू ७७३३ हे स्विस यंत्र असलेले हे क्रोनोग्राफ, म्हणजे कळ दाबून वेळ मोजता येणारे घड्याळ, माझ्याकडे येऊन अकरा महिने झाले. वेळमोजणी सुरू-बंद करायला कॉलम व्हील, म्हणजे खांबांचे चाक, असलेले वालझू ७२ माझ्या ऐपतीबाहेरचे होते. ७७३३ मध्ये त्या जागी कॅम, म्हणजे उंचसखल कडेचा साधा तुकडा, असल्यामुळे वरची कळ जरा जोर लावून दाबावी लागते. मोजणी सुरू होताना मधला सेकंदकाटाही कधीकधी किंचित उडी घेतो, पण एवढ्यावरून मी त्याला नावे ठेवणार नाही. ताशी १८,००० ठोक्यांचे हे यंत्र रोज सकाळी चावी दिली की दिवसभर विश्वासाने चालते.

मला सुरुवातीपासून खटकत होता तो काट्यांमधला रंग. तबकडीवरचे ठिपके पिकल्या पानासारखे पिवळे, तर काट्यांतला अंधारात चमकणारा लेप जवळजवळ तांबूस, त्यामुळे काटे दुसऱ्याच घड्याळाचे असावेत अशी माझी खात्री झाली आणि पहिले तीन महिने मी विकणाऱ्यावर मनातून रागावलेलो होतो.

सातव्या महिन्यात मिनिटे मोजणारा छोटा काटा अडकू लागला. तबकडीला हात लावू नका एवढेच सांगून मी घड्याळ दुरुस्तीला दिले. ते परत आले तेव्हा मिनिटांची मोजणी अचूक होती आणि तबकडी जशीच्या तशी होती, पण तास-मिनिटांचे दोन्ही काटे न विचारता बदललेले होते आणि त्यांचे पैसेही बिलात लावले होते. त्या पांढऱ्याशुभ्र लेपाशेजारी इतकी वर्षे सावकाश रंग बदलत आलेली तबकडी नुसती मळलेली दिसू लागली.

काट्यांविषयीचे माझे मत तेव्हा बदलले. ज्याला आपण सरसकट रेडियम म्हणतो, ते या घड्याळात ट्रिटियम हे दुसरे किरणोत्सर्गी द्रव्य आहे. सहाच्या अंकाखाली ‘टी स्विस टी’ असे बारीक अक्षरांत छापलेले आहे, त्यातला ‘टी’ म्हणजे ट्रिटियम. ट्रिटियमचा अर्धायुष्यकाळ, म्हणजे ते निम्मे होण्याचा काळ, सुमारे १२.३ वर्षे असल्यामुळे पन्नास वर्षांत त्याचा जेमतेम सोळावा हिस्सा उरतो, आणि तोवर लेपातले प्रत्यक्ष चमकणारे झिंक सल्फाइडही थकलेले असते. तबकडी आणि काटे बहुधा वेगवेगळ्या कारखान्यांत तयार होत, लेपाचे मिश्रण वेगळे असे, शिवाय काट्यांतला लेप मागूनही उघडा असतो. त्यामुळे एकाच घड्याळातले दोन लेप वेगवेगळ्या छटांनी पिकणे स्वाभाविक आहे, हे मी आधीच समजून घ्यायला हवे होते.

जुने काटे मागितल्यावर आधी ते टाकून दिल्याचे सांगण्यात आले. बदललेला भाग ग्राहकाचाच असतो, हे मी तीन वेळा लेखी कळवल्यावर ते एका लहानशा पाकिटातून आले, मात्र मिनिटकाट्याच्या टोकाजवळचा लेपाचा एक कण गळालेला होता. दुसऱ्या घड्याळजींकडून ते बसवून घेण्याचा खर्च मला पुन्हा करावा लागला, आणि तो मला आजही सलतो. त्यांनी गळालेली जागा जुळत्या रंगाने भरून देण्याची तयारी दाखवली, ती मी नाकारली.

अतिनील टॉर्च विझवताच ठिपक्यांची आणि काट्यांची चमक आता जवळजवळ एकदमच मावळते. नव्या काट्यांचा लेप मात्र त्यानंतरही बराच वेळ चमकत असे. ते नवे काटे मी त्याच पाकिटात ठेवले आहेत. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी काट्यांचे जवळून काढलेले छायाचित्र आणि ‘केसला पॉलिश नको, काटे बदलू नयेत, लेप भरू नये’ अशी लेखी सूचना घड्याळासोबत जाईल.