माथेरान की लोणावळा : एका निवांत दिवसाचा हिशेब

मुंबई, ठाणे किंवा डोंबिवलीहून एखाद्या जुन्या मित्रासोबत सकाळी निघून रात्री घरी परतायचे असेल, तर निवड बहुधा माथेरान आणि लोणावळा या दोन नावांवर येऊन अडते. उंचीत फार अंतर नाही. माथेरान सुमारे ८०० मीटरवर आहे आणि लोणावळा ६२० मीटरच्या आसपास. पाऊस ओसरल्यानंतरची हवा दोन्हीकडे सारखीच सुखद असते. फरक पडतो तो हाताशी असलेले आठ-दहा तास कोठे खर्ची पडतात यात.

माथेरानला मोटारींना बंदी आहे हे सर्वांना ठाऊक असते. तिचा अर्थ मात्र दस्तुरी नाक्यावर उतरल्यावरच उमगतो. कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळ गाठायचे, स्थानकाबाहेरून शेअर टॅक्सीने घाट चढायचा, नाक्यावर प्रवेशकर भरायचा आणि बाजारपेठेपर्यंतचे पुढचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा अमन लॉज स्थानकातून सुटणाऱ्या शटलने जायचे. आम्ही दोघे दर वेळी रुळांच्या कडेने चालतच जातो, कारण ती वाट झाडांच्या सावलीतून जाते, मागून हॉर्न वाजत नाही आणि घरी अर्धवट राहिलेल्या गप्पा तेथेच पुऱ्या होतात. तांबडी माती मात्र कोणालाही सोडत नाही. पांढरे मोजे घालून गेलात तर ते पुन्हा पांढरे होतील ही आशा सोडून द्यावी. माकडांचेही तसेच. मागच्या खेपेस मित्राच्या हातातला वडापाव एका माकडाने कागदासकट नेला आणि समोरच्या पत्र्यावर बसून शांतपणे संपवला.

पॉइंट तीसहून अधिक आहेत, पण एका दिवसात शार्लोट तलाव आणि त्याच्या जवळचा इको पॉइंट एवढे पुरते. पॉर्क्युपाइन पॉइंटवरून प्रबळगडामागे मावळणारा सूर्य पाहण्याचा मोह मात्र आवरावा, कारण त्यानंतर जंगलातून अंधारात दस्तुरीपर्यंत परतावे लागते. १९०७ मध्ये सुरू झालेली, दोन फूट रुंदीच्या रुळांवरची नेरळची छोटी गाडी वर पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ घेते. तिची हौस मुक्कामाच्या सहलीसाठी राखून ठेवलेली बरी. पावसाळ्यात तर नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंदच असतो आणि वर फक्त शटल चालते.

लोणावळ्याचे गणित निराळे आहे. तेथे लोकल जात नाही, एक्सप्रेस पकडावी लागते. पण बोरघाटातला तो चढ, चढावर गाडी ढकलण्यासाठी कर्जतला मागून जोडली जाणारी बँकर इंजिने आणि बोगद्यांमधून मधूनच दिसणारी दरी यांमुळे प्रवासाचाही कंटाळा येत नाही. खुद्द गावासाठी मात्र मी जाणार नाही. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी भुशी धरण आणि टायगर पॉइंटच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत जो वेळ जातो, त्याला सहल म्हणणे कठीण आहे. माझ्या मते लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल धरावी आणि पुढच्याच मळवली स्थानकावर उतरावे. एका बाजूला चालत जाण्याच्या अंतरावर भाजे लेणी, तर दुसऱ्या बाजूला रिक्षाने कार्ले. कार्ल्याच्या सुमारे १२४ फूट लांबीच्या चैत्यगृहात मान वर केली की दगडी छताला बसवलेल्या मूळच्या लाकडी कमानी दिसतात. दोन हजार वर्षांचे ते लाकूड न्याहाळत आम्ही दोघे कितीतरी वेळ एक शब्दही बोललो नव्हतो. शेजारीच एकवीरेचे देऊळ असल्याने चैत्रातल्या यात्रेच्या दिवसांत ही निवांतता मिळत नाही, हे लक्षात ठेवावे.

तेव्हा ऑक्टोबर ते फेब्रुवारीदरम्यान कामाचा एखादा वार मोकळा मिळत असेल आणि दोघांनाही चालण्याची आवड असेल, तर मी माथेरान सुचवीन. भर पावसात मात्र मळवली बरे. मित्राला गुडघ्यांचा त्रास असेल, तर कार्ल्याच्या पायऱ्या आणि माथेरानची पायपीट दोन्ही वगळून मोटारीने खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटपर्यंत जावे. तेथे दरी पाहण्यासाठी फारसे चालावे लागत नाही.

परतीचाही विचार आधीच केलेला बरा. नेरळला एक लोकल चुकली तर फलाटावर चहा घेऊन पुढची पकडता येते. लोणावळ्याहून संध्याकाळी आरक्षण नसेल, तर कल्याणपर्यंत डब्याच्या दारात उभे राहण्याची तयारी हवी.