क्वालिटीराइट्स तपासणी संच: घ्या जरूर, पण शुभार्थींना नुसतं मिरवायला नेऊ नका

मानसिक आरोग्य सेवांचा दर्जा कसा आहे आणि तिथे माणसांचे हक्क पाळले जातात का, हे तपासायला जागतिक आरोग्य संघटनेने 2012 साली काढलेला हा संच फुकट आहे, नेटवरून कुणालाही उतरवून घेता येतो. मनोरुग्णालय, जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार वॉर्ड, ओपीडी, डे-केअर, कुठेही चालतो. एका समितीने सेवेच्या जागी जायचं, कागद तपासायचे, फिरून बघायचं, मुलाखती घ्यायच्या आणि अहवाल द्यायचा. यात नवीन ते समितीच्या घडणीत. डॉक्टर, नर्स, वकील यांच्या बरोबरीने शुभार्थी, म्हणजे स्वतः आजार भोगलेली आणि सेवा घेतलेली माणसं, आणि त्यांचे शुभंकर, म्हणजे त्यांची काळजी घेणारी माणसं, हेही तपासनीस असतात.

आत काय आहे? पाच विषय: राहणीमान, आरोग्यसेवा, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचा हक्क, छळ-मारहाण-गैरवापरापासून संरक्षण, आणि समाजात राहण्याचा हक्क. हे पाचही अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातून घेतलेत. त्यांच्याखाली 25 मानकं आणि प्रत्येक मानकाखाली बारीक निकष. शेरे चारच: पूर्ण साध्य, अंशतः साध्य, सुरुवात झाली, सुरुवातच नाही. शिवाय ‘लागू नाही’ची सोय आहे. मुलाखतीचे प्रश्न शुभार्थी, कुटुंबीय आणि कर्मचारी या तिघांसाठी वेगळे, आणि कागदपत्रं-पाहणीसाठी निराळा फॉर्म.

संचाची खरी ताकद हे चार कागद शेजारी ठेवल्यावर कळते. बांधून ठेवण्याचंच बघा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार रुग्णाला एकटं कोंडून ठेवायला बंदी आहे. बांधावं लागलंच तर कारण, पद्धत आणि किती वेळ ते केस पेपरवर लिहायचं, आणि अशा सगळ्या घटनांचा अहवाल दर महिन्याला पुनर्विलोकन मंडळाला (रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवायला याच कायद्याने आणलेलं मंडळ) पाठवायचा. नोंदी कोऱ्या, नर्स म्हणते ‘आमच्याकडे असं होत नाही’, आणि तीन शुभार्थी वेगवेगळ्या मुलाखतीत बांधून ठेवायच्या एकाच खाटेचं नाव घेतात, तर निकाल लागलाच. नुसते कागद तपासणाऱ्या समितीला ‘सर्व काही ठीक’ लिहून परतावं लागलं असतं.

पाहणीतही तेच. तक्रारपेटी आहे का, असं विचारलं तर उत्तर ‘आहे’. शुभार्थी तपासनीस पुढचं बघतो: पेटी नर्सच्या टेबलासमोर आहे, वॉर्डात पेन-कागद मिळत नाही, किल्ली इन-चार्ज सिस्टरच्या कमरेला. संडासाची कडी आतून लागते का, आंघोळीला कोमट पाणी रोज की वारावर, स्वतःचे कपडे घालता येतात की गणवेशच, घरी फोन करताना शेजारी कोण उभं असतं, या गोष्टी मानकांत आहेतच. पण कुठे नजर टाकायची हे तिथे झोपलेल्यालाच ठाऊक असतं.

आता बिघडतं कुठे ते. पहिली गोष्ट मुलाखतीची जागा. ब्रदर (पुरुष नर्स) दारात उभा असेल तर ‘जेवण चांगलं आहे’ याखेरीज काही कानावर येत नाही. सकाळच्या गोळ्यांनंतर लगेच बसवलं तर माणूस गुंगीत, म्हणून वेळ वॉर्डाच्या औषधांप्रमाणे ठरवा. एका मुलाखतीला तासभर धरा. प्रश्न जागच्या जागी इंग्रजीतून मराठीत करत विचारू नका. आधी बोली मराठीत लिहून दोघा शुभार्थींसमोर वाचून बघा. ‘तुमची संमती घेतली का?’ याला सगळे ‘हो’ म्हणतात. ‘ही गोळी नको म्हणालात तर काय झालं?’ याला खरं उत्तर येतं. आणि नावं फॉर्मवर नकोत. बोलणारा त्याच वॉर्डात परत झोपायला जाणार आहे.

दुसरी आणि मोठी गफलत शेरा देण्याच्या बैठकीत होते. भेटीला शुभार्थी असतात, पण शेरे मागाहून डॉक्टर मंडळी चहावर ठरवतात. उपाय असा: प्रत्येक सभासदाने आपला शेरा आधी स्वतंत्रपणे लिहायचा, मग चर्चा. एकमत नसेल तर दोन्ही मतं अहवालात जावीत. समितीत एकटा शुभार्थी ठेवू नका, किमान दोघं हवेत. एकट्याला गप्प बसवणं फार सोपं जातं. ज्या रुग्णालयात सध्या उपचार चालू आहेत तिथे त्याच शुभार्थीला तपासनीस म्हणून पाठवणंही टाळा. तपासणीला येणाऱ्या शुभार्थींची मजुरी बुडते, तेव्हा वकिलाला जेवढं मानधन तेवढंच त्यांना, आणि प्रवासखर्च त्याच दिवशी हातात.

हा संच ज्याचा भाग आहे त्या क्वालिटीराइट्स कार्यक्रमाची गुजरातेत पद्धतशीर चाचणी झाली. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्राचा त्यात मोठा वाटा होता. सहा सरकारी सेवांत तो राबवला, तीन सेवा तुलनेला ठेवल्या. वर्षभरात सेवेचा दर्जा सुधारला, कर्मचाऱ्यांची वागण्याची दृष्टी बरीच बदलली. शुभार्थींना स्वतःला आलेलं बळ आणि समाधान मात्र वाढलं ते थोडंच. आम्हाला यात नवल वाटत नाही. तिथे नुसती तपासणी नव्हती, प्रशिक्षण आणि सुधारणा आराखडाही होता, तरी हा वेग.

म्हणूनच संचाचा सर्वात मोठा उणेपणा: अहवालाला दात नाहीत. आपल्याकडे जिल्ह्याच्या पुनर्विलोकन मंडळावर दोन जागा शुभार्थी, शुभंकर किंवा त्यांच्या संस्थांच्या प्रतिनिधींसाठी आहेत. पण ‘किंवा’ असल्यामुळे एकही शुभार्थी न घेता त्या भरता येतात. अहवालाची एक प्रत तिथे द्या, आणि प्रत्येक ‘सुरुवातच नाही’पुढे कोण, केव्हापर्यंत, किती पैशांत हे लिहून घ्या. कडी बसवायला सुतार एका दुपारचा, तिथे ‘निधी मागवला आहे’ चालवून घेऊ नका.

छोट्या तालुका ओपीडीला 25 मानकं अंगावर येतात. तिथे दुसरा आणि तिसरा विषय पूर्ण करा, बाकीचे पुढच्या खेपेला. फक्त ‘लागू नाही’ लिहिताना कारण लिहायला लावा. न जमलेलं सगळं त्याच रकान्यात ढकललं जातं.