ग्लुटामेट ग्राहीची प्रतिकृती : वर्गातील अनुभव
यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या कनिष्ठ महाविद्यालयासाठी मागवलेली एएमपीए ग्राहीची (चेतापेशीवर ग्लुटामेट हा संदेशवाहक रेणू टिपणाऱ्या एका प्रथिनाची) ही सुटी करता येणारी प्रतिकृती मला मनापासून आवडली. चार उपघटक पेशीबाहेर जोडीजोडीने बसतात, पेशीपटलातील वाहिनीपाशी (आयन ये-जा करतात त्या मार्गापाशी) मात्र चौघे सारख्या अंतरावर येतात, ही २००९ मध्ये स्फटिकरचनेतून उलगडलेली गोष्ट मुलांना हाताळून समजली. ग्लुटामेट बसताच शिंपल्यासारखा भाग मिटतो आणि त्याच्या ओढीने वाहिनीचे दार उघडते, हे तर इतके सुरेख दाखवले आहे की वेचणीच्या दिवसांतही वर्ग भरलेला राहिला. सोबतच्या एनएमडीए या दुसऱ्या ग्लुटामेट ग्राहीच्या प्रतिकृतीत वाहिनी अडवणारा मॅग्नेशियमचा मणी मात्र कायमचा चिकटवलेला आहे. पेशीपटलाचे विभव (विद्युतदाब) बदलल्यावर तो बाजूला होतो, तेव्हाच कॅल्शियमला वाट मिळते, म्हणून तो सुटा हवा होता.