दिव्यांग लेकरांचे कागद आधी वाचणारं झेरॉक्सचं दुकान

परभणी जिल्ह्यात मी समावेशित शिक्षणाची, म्हणजे नेहमीच्या शाळांत शिकणाऱ्या दिव्यांग लेकरांसाठीची, विशेष शिक्षिका आहे. यंदा माझ्याकडं वेगवेगळ्या शाळांतली मिळून ४१ लेकरं आहेत. त्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवरची नोंद, प्रत्येक लेकराचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, भत्त्याच्या याद्या, दहावीच्या सवलतीचे प्रस्ताव, सगळं बघावं लागतं. ही कामं मी चार वर्षांपासून ज्या दुकानातून करून घेते, त्याच्याबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं. आमच्या तालुक्याला पंचायत समितीच्या रस्त्यावर ते आहे. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि दारात एक बाकडं. एक ताई चालवतात.

दुसऱ्या दुकानांत आपण देऊ ते कागद स्कॅन करून चढवतात आणि पावती हातात ठेवतात. या ताई आधी वाचतात. आधार, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि जुनं प्रमाणपत्र शेजारी शेजारी मांडून नाव नि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून बघतात. आमच्या कामात निम्मे अर्ज इथंच अडतात.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर दहावीतल्या एका पोराचं काम होतं. त्याला कमी दिसतं. आधारवर ज्ञानेश्वर इंग्रजी 'डी'नं, जुन्या प्रमाणपत्रावर 'जी'नं. शाळेत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. ताईंनी पेन्सिलीनं दोन्हीकडं गोल केला आणि म्हणाल्या, "मॅडम, हे आत्ता नाही केलं तर प्रस्ताव वापस येईल." दुरुस्तीच्या अर्जाला ओटीपी लागतो, आणि मोबाइल बापाचा. बाप ऊसतोडीला कोल्हापूरकडं. दिवसभर फडात, फोन लागेना. ताईंनी रात्री आठला, टोळी कोपीवर, म्हणजे झोपड्यांवर, परत आल्यावर, फोन लावला. बापाला आकडे वाचता येईनात, तर टोळीतल्या एका पोरानं सावकाश सांगितले. पहिला ओटीपी बाद झाला, दुसऱ्याला जमलं. दुकान तोवर उघडं होतं. पुढं पिवळं यूडीआयडी कार्ड आलं, म्हणजे ४० ते ७९ टक्के दिव्यांगत्वाचं, आणि प्रस्ताव वेळेत विभागीय मंडळाकडं गेला. त्या पोराला तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास जास्तीचा मिळाला आणि नववीतला लेखनिकही. दोन अक्षरांपायी हे सगळं गेलं असतं.

या दुकानाबद्दल मला मनापासून आदर वाटतो तो भिंतीवरच्या एका कागदामुळं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. गावाकडं अजून न दिसणारा, न ऐकू येणारा आणि पायानं अधू एवढेच धरतात. मी ताईंना मराठीत यादी करून दिली, त्यांनी ती मोठ्या अक्षरांत छापून काउंटरच्या वर चिकटवली. एके दिवशी मी बाकड्यावर बसलेले असताना एक बाई रेशन कार्डाची झेरॉक्स काढायला आल्या. यादीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ताई, थॅलेसेमिया बी यात बसतंय का? माझ्या लेकीला दर महिन्याला रक्त चढवावं लागतं." पोरगी तिसरीत, माझ्याच एका शाळेत. गैरहजेरी जास्त म्हणून रजिस्टरवर लाल शेरे, आणि दिव्यांगाच्या रकान्यात 'नाही'. त्याच दिवशी अर्ज भरला. तिची नोंद आता बरोबर आहे आणि वर्गशिक्षकांना तिच्या रजेचं कारण माहीत आहे.

दर सांगते. झेरॉक्स दोन रुपये, अर्ज भरायचे पन्नास, लॅमिनेशन वेगळं. यूडीआयडीच्या अर्जाला सरकारी फी नाही, हे ताई आधीच सांगतात आणि पन्नास आपल्या मेहनतीचे आहेत असंही सांगतात. प्रत्येक लेकराचा वेगळा प्लास्टिक फोल्डर. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावर मुदतीची तारीख लाल पेनानं. टायपिंग युनिकोडमध्ये, त्यामुळं फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांच्या जागी चौकोन येत नाहीत.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. पहिल्या वर्षी लेकरांचे शिक्षण आराखडे टाइप करताना ताईंनी विचारलं, "सगळ्यांना हेच टाकू का? बाकीचे तसंच करतात." मी नाही म्हणाले. एका लेकराला या सहा महिन्यांत शर्टची बटणं लावायला शिकायचीत, दुसऱ्याला वीस रुपयांपर्यंतचे सुट्टे पैसे मोजायला. दोघांच्या कागदावर एकच उद्दिष्ट असेल तर तो कागद तपासणीला चालेल, लेकराच्या कामाचा नाही. आता त्या उद्दिष्टांचा रकाना कोरा सोडतात, मी हातानं भरते.

दुसरी जास्त गंभीर. लेकरांची प्रमाणपत्रं कॉम्प्युटरच्या पहिल्याच स्क्रीनवर नावानिशी पडून असायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायची. 'बौद्धिक दिव्यांगत्व' हा शब्द शेजारच्यानं वाचला की त्या घराला पुढं काय काय ऐकावं लागतं, हे मी पाहिलंय. मला फार राग आला आणि तो मी बोलून दाखवला. ताईंनी ऐकून घेतलं. आता काम झालं की फाइल माझ्या पेन ड्राइव्हवर देतात आणि माझ्यासमोर डिलीट करतात. तुम्ही गेलात तर तुम्हीही समोर उभं राहून करून घ्या.

आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. दुपारी दोन ते चार बरं पडतं. सोबत मूळ आधार, जनरल रजिस्टरचा उतारा आणि ज्याच्यावर ओटीपी येतो तो मोबाइल घेऊन जा. घरचं माणूस कारखान्यावर असेल तर संध्याकाळी आठनंतरची वेळ ताईंना आधी विचारून ठेवा.