ऑइल कॅच कॅन: डबा चांगला, पण रिकामा कोण करणार?

ऑइल कॅच कॅन म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गॅसमधलं तेल इनटेकमध्ये (हवा आत जाण्याच्या वाटेत) जाण्याआधी अडवून साठवणारा डबा. निकाल आधीच सांगून टाकतो. टर्बो आणि ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) असलेली डिझेल पिकअप असेल आणि ती अजून बरीच वर्षं वापरायची असेल, तर कॅच कॅन लावा. पेट्रोल असेल तर आधी इंजेक्शनचा प्रकार बघा. आणि तुमचं बोनेट फक्त सर्व्हिसिंगलाच उघडत असेल, तर कुठल्याही इंजिनाला लावू नका. भरलेला आणि विसरलेला कॅन हा नसलेल्या कॅनपेक्षा वाईट.

माझी पिकअप डिझेल, डबल कॅब, मागे बहुतेक वेळा माल लादलेला. कॅन घेतला तो इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा पाईपांचा भाग) उघडून साफ करून घेतल्यानंतर. आतून जे निघालं ते डांबरासारखं होतं. स्क्रू ड्रायव्हरने खरवडावं लागलं. हे नुसतं तेल नसतं आणि नुसती काजळीही नसते. ईजीआर सायलेन्सरकडचा काजळीचा धूर परत आत सोडतो. ती काजळी कोरडी असती तर बरीचशी पुढे निघून गेली असती. पण त्याच वाटेने ब्रीदर पाईपमधून (इंजिनातला गॅस बाहेर काढणाऱ्या नळीतून) तेलाची वाफही येते, आणि तेलावर काजळी बसली की थर धरायला लागतो. कॅन या दोघांपैकी फक्त तेलाला अडवतो. ईजीआर आपलं काम करतच राहतो, त्यामुळे मॅनिफोल्ड जन्मभर चकचकीत राहील अशी आशा ठेवू नये.

आता हे तेल येतं कुठून? पिस्टनच्या रिंगा नव्याकोऱ्या असल्या तरी थोडा गॅस पिस्टनच्या बाजूने खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँक आणि ऑइल असतं त्या भागात, उतरतोच. तिथे उडत्या तेलाचे थेंब उचलून तो बाहेर पडायची वाट शोधतो. जुन्या गाड्यांमध्ये एक नळी सरळ खाली रस्त्याकडे सोडलेली असायची. कॅलिफोर्नियात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ही घाण परत इनटेकमध्ये घेणं सक्तीचं झालं आणि मग सगळीकडेच ती पद्धत आली. हवेसाठी उत्तम, इनटेकसाठी कटकट.

आमच्या मिस्त्रींचा या डब्याला विरोध होता. "हेड कव्हरमध्ये कंपनीने सेपरेटर दिलेला आहे ना, मग अजून एक कशाला?" त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. तो सेपरेटर मोठे थेंब अडवतो. बारीक धुकं मात्र निसटतं, आणि इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाईपात ओलं लागतं ते त्याचंच.

माझ्या कॅनमध्ये बदलता येणारा फिल्टर आहे, वर प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह आहे आणि खाली नळी जोडून नळ काढलाय. खरेदी करताना या तीन गोष्टी बघा, ब्रँड नंतर. बाजारात चमकदार अॅल्युमिनियमचे बरेच डबे असे असतात की झाकण उघडलं तर आत काहीच नाही: एका नळीने गॅस येतो, दुसरीने जातो. थोडं तेल त्यातही साचतं, म्हणून विकणाऱ्याला फोटो दाखवता येतो. पण बारीक धुकं थांबवायचं तर गॅसला दाट फिल्टरमधूनच जावं लागलं पाहिजे. भांडी घासायची तारेची घासणी कोंबून काम भागवणारे आहेत. तिचा एखादा तुकडा सुटून टर्बोकडे गेला तर काय, हा विचार मला तरी सहन होत नाही.

रिलीफ व्हॉल्व्ह डिझेलला हवाच. फिल्टर तुंबला की चेंबरमध्ये प्रेशर वाढतं, आणि ते सगळ्यात कमजोर जागेतून बाहेर येतं. कधी डिपस्टिक वर उचलली जाते, कधी क्रँकचं मागचं ऑइल सील गळायला लागतं. ते सील बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं. त्याच कारणासाठी कॅनच्या नळ्यांचं आतलं माप मूळ ब्रीदरपेक्षा लहान नको.

माझी खरी तक्रार पाईपबद्दल आहे. किटबरोबर आलेला पाईप काही महिन्यांत फुगून लिबलिबीत झाला. तो रेडिएटरच्या पाण्यासाठी वापरतात तसल्या ईपीडीएम रबराचा निघाला. पाण्याला ते रबर पक्कं, तेलापुढे टिकत नाही. नायट्राइल रबराचा, तेलासाठीच बनवलेला पाईप टाकला आणि प्रश्न मिटला. पण एवढा चांगला डबा बनवणाऱ्याला पाईपातच काटकसर का सुचावी? बसवताना पाईपला मध्ये झोळ राहू देऊ नका. झोळात पाणी साचतं, आणि कडाक्याच्या थंडीत ते गोठून वाट बंद करतं. जागा टर्बोपासून लांब आणि हात सहज पोचेल अशी निवडा. हात पोचत नाही तो कॅन रिकामा होत नाही.

आतून काय निघतं ते गाडी कशी चालते यावर आहे. लांबच्या, गरम इंजिनाच्या प्रवासात काळं पातळ तेल. थंडीत जवळच्या जवळ चकरा मारल्या तर फिकट, दुधट, पाणी मिसळलेलं. ते पाहून हेड गॅस्केट गेलं, कूलंट तेलात मिसळलं म्हणून घाबरणारे खूप. कूलंटची पातळी कमी होत नसेल तर बहुधा ते नुसतं थंड होऊन जमलेलं पाणी असतं. जे निघेल ते परत इंजिनात ओतू नका, त्यात पाणी आणि न जळलेलं इंधन असतं. जुन्या ऑइलबरोबर द्या. सुरुवातीला डिझेल भरताना दर वेळी बघा, मग तुमच्या गाडीचा हिशेब तुम्हालाच कळेल. नळ घट्ट बंद झालाय याची खात्री करा आणि नळीच्या तोंडाला बूच लावा. उघडा राहिला तर एअर फिल्टर चुकवून धुळीची हवा आत ओढली जाऊ शकते.

मायलेज वाढलं का? नाही. वेग पकडण्याची ताकद? तीही नाही, आणि वाढायचं काही कारणही नाही. फरक दिसला तो इंटरकूलरच्या पाईपात: बोट फिरवलं तर ओलसर लागतं, पण आता ठिबकत नाही.

पेट्रोलवाल्यांनी इथे थांबून नीट वाचा. पोर्ट इंजेक्शन असेल तर पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरच पडतं आणि ती धुतली जाते. माझ्या मित्राची पिकअप अशीच आहे, त्याला मी पैसे घालू दिले नाहीत. नुसतं डायरेक्ट इंजेक्शन असेल, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडत असेल, तर ही धुलाई होत नाही आणि व्हॉल्व्ह कार्बन धरतात. फोर्डने एफ-१५०च्या ३.५ इकोबूस्टला २०१७ला आणि ५.० व्ही८ला २०१८ला दोन्ही प्रकारचे इंजेक्टर दिले, म्हणजे तिथे व्हॉल्व्हची धुलाई होते. तुमची डायरेक्टवाली असेल तर कॅनचा उपयोग आहे, पण पूर्ण संरक्षण नाही, कारण व्हॉल्व्हच्या सीलमधूनही थोडं तेल उतरतं. आधीच बसलेला कार्बन कॅनने निघत नाही; त्यासाठी अक्रोडाच्या टरफलांचा मारा करून साफ करतात. आणि छोटा फिल्टर लावून ब्रीदर हवेत सोडायचा प्रकार कुठल्याच इंजिनाला नको. बऱ्याच देशांत तो बेकायदा आहे, केबिनमध्ये वास येतो, आणि पेट्रोल इंजिनात हवेचं मोजमाप बिघडून चेक इंजिनचा दिवा लागतो.

गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्या. आणि कॅनच्या आधी दोन साधे उपाय: ऑइल कमाल खुणेच्या वर भरू नका, आणि कमी उडणारं ऑइल निवडा. डेटाशीटवर 'नोआक' आकडा असतो, म्हणजे २५० अंशांवर एक तास ठेवल्यावर किती टक्के उडून गेलं. एसीईए सी३ (युरोपियन गाडी उत्पादकांच्या संघटनेचा ऑइलचा दर्जा) ऑइलला १३ टक्क्यांची मर्यादा आहे. त्याहून कमी मिळालं तर उत्तम.

एक फायदा जाहिरातीत कोणी सांगत नाही. नेहमीच्या चालवण्यात डबा अचानक लवकर भरायला लागला, तर आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या. रिंगा किंवा टर्बोचं सील गेलेलं असू शकतं.

पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा पाईपचा कापला. अर्धा यासाठी की तेलाची पातळी बाहेरून दिसत नाही, नळ उघडल्याशिवाय काही कळत नाही. पुढचा घेतला तर पातळीची काच असलेलाच घेईन.